परीक्षा इंग्रजीची, उणीव स्वमताची

मराठी घरांत ‘बँड’ हा शब्द पूर्वी लग्नसराईतच काय तो ऐकू येत असे. अलीकडे तो प्रवेशाच्या हंगामातही ऐकू येऊ लागला आहे. मुलाला सहा बँड मिळाले, साडेसहा हवे होते. मुलगी बाकी सगळ्यांत सातच्या वर गेली पण लेखनात साडेपाचवर अडली, अशी बोलणी पुण्यामुंबईच्या सुखवस्तू वस्त्यांतच नव्हे, तर सांगली, लातूर, अमरावतीकडील शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या बिऱ्हाडांतही चालू असतात. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथील विद्यापीठांत शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आपले इंग्रजी पुरेसे आहे हे सिद्ध करून द्यावे लागते, आणि त्यासाठी ज्या परीक्षा प्रचारात आहेत त्यांत आयल्ट्स ही आपल्याकडे सर्वांत परिचित आहे. शून्यापासून नऊपर्यंत तिच्या श्रेणी असतात. त्यांनाच बँड म्हणतात. एकूण साडेसहा आणि कोणत्याही एका अंगात सहाच्या खाली नाही, ही पदव्युत्तर प्रवेशासाठी अनेक विद्यापीठांची नेहमीची अट. अर्ध्या बँडाने प्रवेश हुकला की घरात जो निष्कर्ष निघतो तो मात्र ठरलेला असतो: पोराला पहिल्यापासून इंग्रजी माध्यमात घालायला हवे होते.

हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. अपयशाचे मूळ इंग्रजीच्या तासात शोधण्याची सवय इतकी जुनी झाली आहे, की ते मराठीच्या तासातही असू शकेल ही शंकाच कोणाला शिवत नाही. ती का शिवली पाहिजे, हे कळण्यासाठी ही परीक्षा नेमके काय तपासते ते एकदा पाहणे इष्ट होईल.

परीक्षेची अंगे चार. श्रवणाला सुमारे अर्धा तास आणि ४० प्रश्न. वाचनाला एक तास, तीन उतारे आणि ४० प्रश्न. लेखनाला एक तास आणि दोन लेख, पहिला किमान १५० शब्दांचा व दुसरा किमान २५० शब्दांचा. आणि संभाषण, परीक्षकासमोर ११ ते १४ मिनिटे. नेमलेले पुस्तक नाही. आपल्या विद्यार्थ्याच्या तोंडी असलेला ‘पोर्शन’ हा शब्द येथे निरर्थक ठरतो. गाळलेल्या जागी योग्य शब्दयोगी अव्यय भरा, प्रयोग बदला, विधान अप्रत्यक्ष कथनात लिहा, असा व्याकरणाचा स्वतंत्र प्रश्नही नाही. दहा-बारा वर्षे ज्या गोष्टींना ‘इंग्रजी’ म्हणून घोकले त्यांतील एकही गोष्ट प्रश्नपत्रिकेत नावाने भेटत नाही, आणि विद्यार्थी पहिल्यांदा गोंधळतो तो इथे.

परीक्षा नेहमीच अशी होती असे नाही. १९१३ मध्ये केंब्रिजने परकीयांसाठी इंग्रजीच्या प्रावीण्याची पहिली परीक्षा घेतली. तिला तीन उमेदवार बसले, परीक्षा सुमारे बारा तास चालली आणि तिघेही नापास झाले. त्या परीक्षेत इंग्रजीतून फ्रेंचमध्ये किंवा जर्मनमध्ये आणि तिकडून परत इंग्रजीत भाषांतर होते, व्याकरण होते, उच्चारशास्त्र होते; निबंधासाठी जे विषय होते त्यांत मॅथ्यू आर्नल्ड होता आणि १८५७ चे हिंदुस्थानातील ‘बंड’ही होते. म्हणजे भाषा येणे याचा त्या काळी अर्थ, त्या भाषेच्या लोकांचे वाङ्मय आणि इतिहास अवगत असणे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याला ती परीक्षा कदाचित फारशी परकी वाटली नसती. पुढे १९६४ मध्ये अमेरिकेत टोफेल सुरू झाली. ती पर्यायांतून उत्तर निवडण्याच्या पद्धतीची. तिला लेखनाच्या चाचणीची जोड मिळायला १९८६ साल उजाडावे लागले. ब्रिटिशांनी १९८० मध्ये वेगळी वाट धरली: विद्यार्थी विद्यापीठात जे करणार, म्हणजे संदर्भग्रंथ चाळणे, व्याख्यान ऐकून टिपणे घेणे, मत मांडणे, तेच त्याला परीक्षेत करायला लावावे. त्याच परीक्षेचा सुधारलेला अवतार म्हणजे १९८९ पासूनची आयल्ट्स. आरंभी वैद्यक, तंत्रविज्ञान, समाजशास्त्र अशा शाखांसाठी निरनिराळ्या प्रश्नपत्रिका असत. परंतु १९९५ पासून विद्यापीठात जाणाऱ्या सर्वांना एकच प्रश्नपत्रिका असते. कोणत्याही विषयाचे पूर्वज्ञान गृहीत धरायचे नाही, हे त्यानंतरचे सूत्र.

या इतिहासातून एक गोष्ट उघड होते. शंभर वर्षांत ही परीक्षा भाषेच्या ज्ञानाकडून भाषेच्या वापराकडे सरकत आली आहे. आपली शालेय परीक्षा मात्र त्या प्रमाणात सरकलेली नाही, आणि दोहोंमधले हे अंतर विद्यार्थी स्वतःच्या खिशातून भरून काढतो.

लेखनाच्या दुसऱ्या प्रश्नाचेच पाहू. पहिल्या लेखाच्या दुप्पट वजन असलेला हा प्रश्न साधारणतः अशा धर्तीचा असतो: शहरांतील गर्दी कमी करण्यासाठी खासगी मोटारींवर जादा कर बसवावा असे काहींना वाटते; याच्याशी आपण कितपत सहमत आहात? उत्तर तपासण्याच्या चार कसोट्या प्रसिद्ध आहेत व चारींना सारखेच गुण आहेत. प्रश्नाला नेमके उत्तर दिले आहे काय, ही पहिली. विचारांची मांडणी सुसंगत आहे काय, ही दुसरी. शब्दसंपत्ती ही तिसरी आणि व्याकरण ही चौथी. यातील पहिल्या दोन कसोट्या बारकाईने पाहिल्या तर लक्षात येईल, की त्यांचा इंग्रजीशी संबंध दूरचा आहे. भूमिका घेणे, ती शेवटपर्यंत टिकवणे, तिच्या पुष्ट्यर्थ कारण आणि उदाहरण देणे, एका परिच्छेदात एकच मुद्दा ठेवणे, या गोष्टी ज्याला मराठीत येतात त्याला इंग्रजीत त्या नव्याने शिकाव्या लागत नाहीत. ज्याला मराठीत येत नाहीत त्याला कितीही इंग्रजी शब्द पाठ करून त्या येत नाहीत. लेखनातील निम्मे गुण असे भाषानिरपेक्ष आहेत. आणि वर्षानुवर्षे परीक्षार्थींची सरासरी चार अंगांपैकी लेखनातच सहसा सर्वांत कमी राहते, असे परीक्षा घेणाऱ्यांच्याच आकड्यांवरून दिसते.

आपला विद्यार्थी या प्रश्नाचे काय करतो? तो आरंभ करतो ‘आजच्या आधुनिक युगात’ या शब्दांनी. मराठी निबंधातील ‘आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे’ हे वाक्य असे सातासमुद्रापलीकडे पोचले आहे! मग तो मोटारींचे फायदे सांगतो, नंतर तोटे सांगतो, आणि प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात असे म्हणून कोणाचेही मन न दुखवता समारोप करतो. कर बसवावा की बसवू नये, हे अडीचशे शब्दांत कुठेच येत नाही. परीक्षकाने विचारलेला एकमेव प्रश्न अनुत्तरित राहतो. वाक्ये बिनचूक असली तरी बँड साडेपाचवर थांबतो, आणि घरी येऊन तो सांगतो की इंग्रजी कच्चे पडले.

वाचनाच्या अंगातही हाच अनुभव दुसऱ्या रूपाने येतो. तेथे एक प्रश्नप्रकार आहे, ज्याची धास्ती सर्वांनाच असते. उतारा वाचून दिलेली विधाने बरोबर, चूक की ‘माहिती दिलेली नाही’ हे ठरवायचे. बरोबर आणि चूक हे दोन पर्याय शाळेत परिचयाचे असतात, तिसरा नसतो. समजा, उताऱ्यात एवढेच म्हटले आहे की नदीकाठी एक कागदाचा कारखाना सुरू झाला आणि दहा वर्षांत गावची लोकसंख्या दुप्पट झाली. विधान असे: कारखान्यामुळे नदीचे पाणी दूषित झाले. विद्यार्थ्याला ठाऊक असते की कारखाने पाणी दूषित करतात. पर्यावरणाच्या पुस्तकात त्याने ते वाचलेले असते, कदाचित आपल्या गावच्या ओढ्यावर पाहिलेलेही असते. तो ‘बरोबर’ असे लिहितो. वास्तविक उतारा पाण्याबद्दल एक अक्षरही बोललेला नाही. लेखकाने काय म्हटले, त्यावरून काय निष्पन्न होते आणि आपल्याला आधीपासून काय वाटत होते, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवता येणे, हे कोणत्याही भाषेतील वाचनाचे पहिले पाऊल होय. वृत्तपत्र वाचणाऱ्यालाही ते लागते, करारावर सही करणाऱ्यालाही लागते, आणि हल्ली मोबाईलवर येणारा मजकूर पुढे धाडणाऱ्याला तर फारच लागते. परंतु ज्या शिक्षणात प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतेच, आणि ते धड्यात किंवा गाईडात असतेच, त्या शिक्षणात ‘येथे उत्तर नाही’ असे म्हणण्याचे धैर्य मुलाला कुठून यावे? शिक्षकासमोर त्याने तसे उत्तर दिले, तर तो अभ्यास करून आला नाही असाच त्याचा अर्थ होईल.

शिक्षणखात्याला याची अजिबात जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात दहावीला जुन्या प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, आणि भाषेच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ नावाचा प्रश्न आला. पाठावर किंवा कवितेवर आधारलेल्या एखाद्या विचाराबद्दल विद्यार्थ्याने स्वतःचे मत लिहावे, अशी त्यामागची कल्पना. कल्पना उत्तमच होती. पण पहिली कृतिपत्रिका छापून होते न होते तोच बाजारात तयार स्वमते आली. प्रत्येक पाठाखाली, प्रत्येक संभाव्य प्रश्नापुढे, आठ-दहा ओळींचे ‘स्वतःचे’ मत छापून मिळू लागले, आणि मुलांनी ते पाठ केले. दुसऱ्याने छापलेले स्वमत घोकून त्यावर गुण मिळवणे, ही घटना इतकी अंगवळणी पडली आहे की त्यातील विनोदही आता कोणाच्या लक्षात येत नाही. शिक्षकही हतबल असतो. दहा मुलांनी अक्षरशः एकच स्वमत लिहिले तरी ते धड्याशी सुसंगत आहे म्हणून तो गुण देतो.

निबंधाचे तर विचारूच नये. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि सात वर्षांत ८४ अंक काढले. त्यांची सगळीच मते आज कोणाला पटणार नाहीत, पण ती मते होती, आणि ती पदराला खार लावून मांडलेली होती. आज ‘निबंधमाला’ हा शब्द उच्चारला तर विद्यार्थ्यापुढे येते ती पन्नास तयार निबंधांची चोपडी: ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’, ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘पावसाळ्यातील एक दिवस’. हे विषय वाईट नाहीत; कल्पनाशक्तीला ते वाव देतात, निदान देऊ शकले असते. परंतु ज्यात बाजू घ्यावी लागेल, ज्यात समोरच्याचे म्हणणे खोडावे लागेल, असा विषय क्वचितच विचारला जातो, आणि विचारला तरी दोन्ही बाजू सांगून सुवर्णमध्य काढणाऱ्यालाच शाबासकी मिळते. शाळेत वादविवाद स्पर्धा होतात, वक्तृत्व स्पर्धा होतात. त्यांतील भाषणे कोण लिहून देते हे घरोघरी ठाऊक आहे.

येथे एक जुनी गोष्ट आठवावी. १८८१ मध्ये पुण्याच्या एकाच मंडळींनी मराठीत ‘केसरी’ आणि इंग्रजीत ‘मराठा’ अशी दोन पत्रे एकदम काढली. आरंभी टिळक इंग्रजी पत्राचे संपादक होते आणि आगरकर मराठी पत्राचे. आज मराठी वाचकाला टिळकांची ओळख त्यांच्या मराठी अग्रलेखांमुळे आहे, याचे कारण उघड आहे: युक्तिवाद करता येत होता, मग भाषा कोणती हा तपशिलाचा प्रश्न होता. त्यांच्या आधीच्या पिढीत रानडे आणि भांडारकर मुंबई विद्यापीठाच्या १८५९ च्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेतून बाहेर पडले होते. त्यांनाही इंग्रजीच्या दारातूनच आत जावे लागले. इंग्रजीच्या चाळणीतून प्रवेश मिळवणे हा महाराष्ट्राला नवा अनुभव नाही. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालेल्यांची संख्या मोजायची तर गावोगावची खानेसुमारी करावी लागेल. नवे आहे ते एवढेच, की ज्या परीक्षेत आता घोकंपट्टीला जागा नाही, तिच्यासाठीही घोकंपट्टीचेच दुकान उघडले गेले आहे.

कारण शिकवणीवर्ग विकतात तो साचा. पहिल्या परिच्छेदाची तीन वाक्ये ठरलेली, दुसऱ्याचा आरंभ ठरलेला, जोडणारे शब्द ठरलेले. रिकाम्या जागी विषयाचे नाव भरायचे. महिनाभर असे साचे गिरवून विद्यार्थी परीक्षेस बसतो. ज्याने हजारो उत्तरपत्रिका पाहिल्या आहेत अशा परीक्षकाला साचा पहिल्या ओळीतच ओळखू येतो. संपूर्ण उत्तर पाठ करून लिहिल्याचे सिद्ध झाले तर त्याला शून्य द्यावे, असा या परीक्षेचा प्रसिद्ध नियम आहे. तीच गत उच्चारांची. इंग्रजांसारखा किंवा अमेरिकनांसारखा हेल काढणे हे संभाषणात अपेक्षितच नाही. बोललेले ऐकणाऱ्याला सहज समजावे, एवढीच अपेक्षा. मराठी वळणाचे इंग्रजी स्पष्ट बोलणारा तेथे मार खात नाही. तरीही हेल शिकवण्याचे वर्ग चालतात आणि विद्यार्थी तो उसना हेल सांभाळण्याच्या नादात पुढचे वाक्य विसरतो. संभाषणाच्या दुसऱ्या टप्प्यात एक कार्ड देतात. एक मिनिट विचार करायचा आणि दोन मिनिटांपर्यंत बोलायचे. बालपणातली एखादी जागा, उपयोगी पडलेला एखादा सल्ला, असे साधे विषय. कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या मुलाला आपल्या आजोळच्या विहिरीबद्दल मराठीत दहा मिनिटे बोलता येईल. पण वर्गात त्याला सांगितलेले असते की विषय उच्च हवा, म्हणून तो कधी न पाहिलेल्या वस्तुसंग्रहालयाबद्दल बोलू लागतो आणि चाळीस सेकंदांत थांबतो.

वर्ग सर्वस्वी निरुपयोगी आहेत असे नाही. प्रश्नांचे प्रकार समजून घेणे, वेळेचे गणित बसवणे, दोन-चार सराव परीक्षा घड्याळ लावून सोडवणे, यासाठी दोन-तीन आठवड्यांचे मार्गदर्शन उपकारक ठरते. सरावाचे नमुने परीक्षा घेणाऱ्या संस्था स्वतःही विनामूल्य उपलब्ध करून देतात. प्रश्न आहे तो त्या आधीच्या पंधरा वर्षांचा. ती पंधरा वर्षे तीन आठवड्यांत भरून देण्याचे आश्वासन जो देतो, तो एक तर स्वतःला फसवतो किंवा दुसऱ्याला.

ज्यांची मुले इंग्रजी माध्यमात शिकली आहेत त्यांनी या बाबतीत निश्चिंत राहण्याचे कारण नाही. श्रवणात आणि संभाषणात त्यांना फायदा मिळतो, हे खरे. कानाला सवय असते, जीभ अडखळत नाही. परंतु लेखनाशी गाठ पडली की तेही त्याच अर्ध्या बँडापाशी रेंगाळताना दिसतात, कारण त्यांच्याही शाळेत निबंध उतरवूनच घेतलेले असतात. उतरवण्याची भाषा तेवढी वेगळी. मराठी शाळांतही इंग्रजी २००० सालापासून पहिलीपासून शिकवली जाते. बारावी होईतो बारा वर्षे इंग्रजी शिकलेल्या मुलाला इंग्रजीचा स्पर्श नव्हता असे म्हणता येत नाही. माध्यम बदलल्याने जी उणीव भरून निघत नाही तिच्यासाठी माध्यमाला दोष देत राहणे, हे मराठी शाळांच्या ओसरत्या पटसंख्येच्या दिवसांत अधिकच महाग पडणारे आहे.

महाग हा शब्द येथे रुपयांच्या अर्थानेही घ्यावा. या परीक्षेचे शुल्क सतरा-अठरा हजार रुपयांच्या घरात आहे. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये वाढले ते दरमहा १६ हजार रुपये झाले. म्हणजे मुलांना लिहायला शिकवणाऱ्याचा महिन्याचा मोबदला एका बाजूला आणि त्याच मुलाला पुढे लिहिता येते काय हे एका दिवसात तपासण्याची किंमत दुसऱ्या बाजूला, असा हा हिशेब आहे. निकाल दोन वर्षांपुरताच ग्राह्य मानला जातो. अर्ध्या बँडासाठी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसणारे कमी नाहीत; प्रत्येक वेळी तेवढीच रक्कम, शिवाय वर्गाची फी वेगळी.

ही परीक्षा देववाणी आहे, असे मानण्याचेही कारण नाही. तिच्यामागे मोठा व्यापार आहे. २०२१ मध्ये ब्रिटिश कौन्सिलने भारतातील आपला आयल्ट्सचा व्यवसाय १३ कोटी पौंडांना आयडीपी या ऑस्ट्रेलियन कंपनीला विकला. ही कंपनी परीक्षेची एक मालक आहे, आणि विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळवून देण्याचा व्यवसायही तीच करते. वाट दाखवणारा आणि नाक्यावर तपासणी करणारा एकच असावा, हे कितपत योग्य, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. टोफेल घेणाऱ्या अमेरिकन संस्थेची टोइक नावाची दुसरी परीक्षा ब्रिटनमध्ये विद्यार्थी-व्हिसासाठी चालत असे. २०१४ मध्ये तिच्या काही केंद्रांवरील तोतयेगिरी बीबीसीने उघडकीस आणली. त्यावर २०११ ते २०१४ मधील सुमारे ५८ हजार निकालांची ध्वनिपरीक्षा होऊन त्यांतील ९७ टक्के संशयास्पद ठरवले गेले, आणि हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. त्यांत भारतीय उपखंडातील विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. कोण खरा दोषी आणि कोण निर्दोष याची पुरेशी शहानिशा सरकारने केली नाही, असे २०१९ मध्ये तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानेच नमूद केले. निर्दोष असलेल्यांना आपले इंग्रजी आपलेच आहे हे सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. परीक्षेवर विश्वास ठेवायचा तो एवढे ध्यानात ठेवून.

तरीही एखाद्या विद्यापीठाने आपल्या वर्गात बसणाऱ्याला व्याख्यान कळेल काय, त्याला टिपण लिहिता येईल काय, हे आधी पाहून घेणे गैर नाही. शिफारसपत्रांवर किंवा महाविद्यालयाने दिलेल्या माध्यमाच्या दाखल्यावर विसंबण्यापेक्षा परीक्षा पुष्कळ बरी. निदान तेथे वशिला चालत नाही. काही ब्रिटिश विद्यापीठे ठराविक मंडळांचे बारावीच्या इंग्रजीतील गुणही ग्राह्य धरतात. पण तेथे प्रवेश मिळाला तरी पहिल्या सत्रातच तीन हजार शब्दांचा लेख स्वतःच्या युक्तिवादाने लिहावा लागतो, आणि टाळलेली परीक्षा तेव्हा व्याजासकट द्यावी लागते.

मग मराठीच्या तासाला काय करता येईल? आठवीपासून महिन्यातून एकदा एक अपठित उतारा, आणि त्यावर ‘माहिती दिलेली नाही’ हा पर्याय असलेली आठ-दहा विधाने. हे फळ्यावर लिहूनही घेता येते. महिन्यातून एकदा अडीचशे शब्दांचा लेख, वर्गातच, वही-पुस्तक मिटून, अशा विषयावर ज्यात बाजू घ्यावीच लागेल: गावच्या जत्रेत ध्वनिक्षेपकाला बंदी असावी काय, शाळेत मोबाईल आणू द्यावा काय. विद्यार्थ्याने कोणती बाजू घेतली याला गुण नाहीत. घेतली काय आणि कारणे दिली काय, एवढ्यालाच गुण. ज्याला हे मराठीत पाच वर्षे करावे लागले तो परक्या परीक्षेच्या दुसऱ्या प्रश्नापुढे भांबावणार नाही. तेवढे इंग्रजी त्याच्याजवळ असते.

यातील अडचण शिक्षकांना सांगायला नको. साठ मुलांच्या तुकडीचे अडीचशे शब्दांप्रमाणे पंधरा हजार शब्द होतात. म्हणजे एका लेखाच्या वह्या तपासणे म्हणजे एक छोटे पुस्तक शुद्ध करणे, आणि अशा तुकड्या तीन-चार. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, ऑनलाईन भरायची माहिती हे सारे सांभाळून ते होणार नाही. सगळे लेख सगळ्यांचे तपासण्याचा आग्रह सोडावा लागेल; आळीपाळीने पंधरा वह्या तपासाव्यात, दोन लेख वर्गात मोठ्याने वाचून त्यांवर मुलांकडूनच चर्चा करवून घ्यावी. प्रत्येक ऱ्हस्वदीर्घाखाली लाल रेघ ओढणे म्हणजेच तपासणे, हा समजही थोडा सैल करावा लागेल. व्याकरणाच्या अभिमान्यांना ते रुचणार नाही. पण शुद्ध लिहिलेल्या मतशून्य निबंधाचे काय होते, हे वर आलेच आहे.

शिक्षणमंडळाला एक गोष्ट खर्चाशिवाय करता येण्यासारखी आहे. स्वमताच्या प्रश्नात एकाच केंद्रावरील अनेक उत्तरपत्रिकांत तोच परिच्छेद आढळला, किंवा तो बाजारातील पुस्तकातून शब्दशः घेतलेला असला, तर त्याला गुण देऊ नयेत, अशी स्पष्ट सूचना परीक्षकांना द्यावी व ती आधी जाहीर करावी. पहिल्या वर्षी निकाल घसरेल. पालक मोर्चे काढतील, गाईडवाले न्यायालयात जातील, आणि परीक्षेत स्वतःचे मत लिहिल्यावर ते चुकीचे ठरले तर जबाबदार कोण, असा प्रश्न शाळाशाळांतून विचारला जाईल.